आक्काचा कोल्हा

आमच्या सगळ्या गोतावळ्यात माझ्या नावावर एकच अपयश जमा आहे, आणि ते एका कोल्ह्याचं आहे. नांदेडपासून सिकंदराबादपर्यंत कुणाचं लग्न असो, नामकरण असो, नाहीतर विहारातलं खीरदान असो, जेवणं उरकली की कुणीतरी विचारतंच, 'काय मावशी, सापडला का कोल्हा?' मी हसते. मनात चडफडते, पण हसते. खरं काय घडलं ते इथं बिनधास्त सांगते, कारण आमच्यातलं कुणी हे वाचणार नाही. पोरांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि मोठ्यांना वाचता येतं पण चष्मा सापडत नाही.

माझा धंदा पेस्ट कंट्रोलचा. नारायणगुड्यात आमचं दुकान आहे. नवऱ्याला औषधाच्या वासानं शिंका येतात, म्हणून तो गल्ल्यावर बसतो आणि मी पंप पाठीला लावून घरोघर हिंडते. आमच्या घरात बायकांनी नर्स व्हावं, मास्तरीण व्हावं, रेल्वेत क्लार्क व्हावं असा रिवाज. मी उंदीर मारते हे सांगायची आईला लाज वाटायची. पाहुण्यांना ती सांगायची, 'धाकटी हेल्थ सर्व्हिसमध्ये आहे.' दर रविवारी मी विहारात पंचशील म्हणते. त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. तिथवर आलं की शेजारच्या बाया डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघतात. बघेनात का. सोमवारी सकाळी त्यांचेच फोन येतात, 'ताई, किचनमध्ये लई झालेत हो.'

पण धंद्यात माझे नियम कडक. आधी चोर कोण ते ओळखायचं, मग हत्यार उचलायचं. जाळीनं भागत असेल तर औषध नाही, आणि थोड्या औषधानं भागत असेल तर जास्त नाही. पिंजरा लावला तर तो सावलीत लावायचा आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचा. जनावर अडकून तडफडत राहिलं तर त्याला काम म्हणत नाहीत, आळस म्हणतात. गिऱ्हाईक कुरकुर करतात, इतकी वर्षं ऐकून घेतली, पण माझं काम फसलं असं कुणाला म्हणता आलं नव्हतं. त्या कोल्ह्यापर्यंत.

आक्का माझी थोरली बहीण. सिकंदराबादेत रेल्वेच्या ऑफिसात तिनं नोकरी केली. नवरा लवकर गेला, एकटीनं पोराला इंजिनियर केलं. रिटायर झाली आणि शहराच्या पार कडेला, खडक आणि सीताफळीच्या रानाला लागून एक नवी कॉलनी पडत होती, तिथं घर बांधलं. सगळ्यांनी सांगितलं, आक्का, इतक्या लांब नको. आक्का कुणाचं ऐकायची नाही. म्हणाली, 'जन्म क्वार्टरात गेला. आता मला माझ्या दारात माझी माती पाहिजे.' गृहप्रवेशाच्या वंदनेला अख्खा गोतावळा जमला. भंतेजींचं सुत्तपठण झालं, पंगत बसली, आणि खीर वाढता वाढता आक्का सगळ्यांदेखत बोलून गेली, 'इथून आता माझं पाऊल हलायचं नाही. न्यायचं तर चौघांनीच न्यायचं.'

सगळी गोम इथं आहे. आमच्याकडं वंदनेला बोललेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. वडील रेल्वेत गार्ड होते. ते म्हणायचे, दिलेला शब्द आणि सुटलेली गाडी माघारी येत नसते. आमच्या एका चुलत्यानं विहारात तंबाखू सोडल्याचं जाहीर केलं होतं. पुढं मरेपर्यंत तो संडासात बसून चोरून खात राहिला, पण सोडवत नाही असं काही म्हणाला नाही. अशी आमची जात. मोडू पण वाकणार नाही, आणि मोडलो तर दार लावून मोडू.

भाचा पुण्यात असतो, अकराव्या मजल्यावर. सून गुणाची आहे, एक नात आहे. तो आला की दर वेळी म्हणायचा, 'आई, चल ना आमच्याकडं.' आक्काकडं कारणं तयार असायची. एक म्हणजे पुण्यात तिच्या मराठीला हसतात. 'लिफ्टमध्ये शेजारीण विचारते, काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी काय सीलोनहून आले का गं?' दुसरं कारण कोंबड्या. तिनं दारात चार गावरान कोंबड्या पाळल्या होत्या, त्यातली एक लंगडी. 'ह्यांना कोण बघेल?' एवढं म्हटलं की विषय बंद. शेवटी एकदा भाचा वैतागला. म्हणाला, 'बरं बाई, तुझ्या कोंबड्या आहेत तोवर राहा तू इथंच.' त्यानंतर त्यानं विचारणं सोडून दिलं.

मला आक्काचा अभिमान वाटायचा. ह्या वयात एकटी, स्वतःच्या घरात, कुणाची मिंधी नाही. म्हणून ज्या सकाळी तिचा फोन आला, 'काळी कोंबडी नेली गं कोल्ह्यानं,' तेव्हा मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. मला कोंबडीची फिकीर नव्हती. कोंबड्या संपल्या की आक्काचं कारण संपलं, आणि कारण संपलं की आक्काला उचलून अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवणार, असं गणित माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, दुकान बघ, आणि स्कूटीला किक मारली.

गेल्या गेल्या पाहणी केली. खुराड्याच्या मागं जाळीखालची माती उकरलेली होती. रक्त नाही, सांडलवंड नाही, खडकांच्या दिशेनं पिसांची एक रेघ गेलेली. मुंगूस असतं तर मारून तिथंच टाकलं असतं, कुत्रं असतं तर नुसता धिंगाणा केला असता. खडकापाशी विष्ठा पडली होती, त्यात सीताफळीच्या बिया. कोल्हाच. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, हा सीताफळावर राजी होता, तोवर कोंबडीची चव लागली.

तेवढ्यात कॉलनीचे प्रेसिडेंट आले. रिटायर्ड इंजिनियर, तेलुगू माणूस, माझ्याशी दखनी हिंदीत बोलायचे. 'मॅडम, मटन में जरा पावडर डाल को रख दो, किस्सा खतम.' मी म्हटलं, साहेब, ते मटण कोल्हा खाईल, मग तुमचं कुत्रं खाईल, मग मेलेल्या कुत्र्याला घार खाईल, आणि कोपऱ्यावर पोरं खेळतात ती काय हात धुऊन जेवतात का? शिवाय कोल्ह्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याला हात लावायचा तर जंगल खात्याला विचारावं लागतं, माझं लायसन्स उंदीर-झुरळांपुरतं. त्यांचं तोंड पडलं. त्यांच्या बायकोला मात्र कोल्ह्याचं कौतुक होतं. तेलुगू लोकांत कुणाचं नशीब उघडलं की विचारतात, कोल्ह्याच्या शेपटीवर पाय देऊन आलास का? त्या बाई रोज सकाळी कोल्हा दिसावा म्हणून गच्चीवर चहा पीत बसायच्या.

जाळी आणायला मी अफझलगंजच्या बाजारात गेले. तिथला दुकानदार माझा जुना ओळखीचा. कोल्हा ऐकल्यावर त्यानं आत जाऊन पोत्याखालून दातेरी लोखंडी चाप काढला. 'टाँग धरा तो छोडताच नै, आपा.' ते दात बघून माझं डोकं फिरलं. असल्या चापात रात्रभर पाय अडकला तर जनावर स्वतःचा पाय कुरतडतं. हे कायद्यानं बंद आहे, आणि कायद्यानं नसतं तरी मी बंद केलं असतं, असं त्याला चार लोकांत सुनावलं. त्यानं चाप परत पोत्याखाली सारला आणि जाळीवर मला एक रुपया सूट दिली नाही.

मग काम काढलं, आणि काय काम काढलं. खुराड्याभोवती चर खणून जाळी जमिनीत बाहेरच्या बाजूला वाकवून पुरली, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंज्याला जाळीच लागावी. दाराला चांगली कडी बसवली. रानाच्या बाजूला लुकलुकणारा लाल दिवा लावला, सौरऊर्जेवरचा. त्याची जागा दर थोड्या दिवसांनी बदलायची, नाहीतर कोल्ह्याला सवय होते आणि तो दिव्याखाली बसून आराम करतो. कॉलनीच्या मागं एक चिकनवाला रोज आतडी फेकायचा, जनावर त्याच वासावर येत होतं. त्याच्याशी भांडून, प्रेसिडेंटला मधे घालून, तेही बंद केलं. थोड्याच दिवसांत खडकांतून रात्री यायचं ते कोल्ह्याचं ओरडणं थांबलं. कोल्हा दुसरीकडं निघून गेला. एक थेंब रक्त नाही, पहिलं शील शाबूत. मी भाच्याला फोन करून छाती फुगवून सांगितलं, 'तुझ्या आईचं घर सेफ आहे. काळजी सोड.' तो म्हणाला, 'मावशी, तू आहेस म्हणून.' आवाज जरा उतरला होता त्याचा. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

आक्काला आनंद व्हायला पाहिजे होता. तिनं त्या दिवशी मला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. भाजीत मीठ नव्हतं. म्हटलं, आक्का, मीठ विसरलीस. म्हणाली, 'झालं का तुझं समाधान?' मला वाटलं मिठाबद्दलच बोलतेय.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन. 'आला होता परत. पांढरी नेली.' मी गेले. जाळी शाबूत, माती शाबूत, नुसती कडी उघडी. मी म्हटलं, आक्का, तू कडी लावायची विसरलीस. 'मी कशाला विसरीन?' म्हणून ती माझ्यावरच उखडली. मी कडीला स्प्रिंगचा खटका बसवला. परत फोन, परत एक कोंबडी नाही, खटका उघडा. जमिनीवर पंज्याचा ठसा औषधाला नाही. पिसं नाहीत. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईच्या अंगणात मला पांढरी कोंबडी दिसल्यासारखी वाटली, पण पांढऱ्या कोंबड्या काय जगात एकच असतात.

आक्का म्हणाली, 'बघ बाई, तुझ्यानं होत नाही. सोड आता. पोराला तेवढा एक फोन करून सांग, की कोल्हा काही आटोक्यात येत नाही. तू धंद्यातली माणूस, तुझं तो खरं मानेल.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्यानं होत नाही? उंदरांनी पोखरलेली गोडाऊनं मी साफ केली आणि हा एक भुरटा कोल्हा माझं नाव खराब करणार? म्हटलं, नक्को. मी रात्री इथंच राहते, सकाळी तुला चोर धरून देते. आक्काचा चेहरा पडला. 'कशाला परेशान होतीस, जा घरी, भावजी उपाशी बसतील.' भावजींना अंडं तळता येतं, म्हटलं, आणि चटई अंथरली.

उजाडताना जाग आली तेव्हा आक्का अंथरुणात नव्हती. मागचं दार उघडं होतं. मी पायात चप्पल न घालता दारापर्यंत गेले.

आक्का कंपाऊंडच्या फटीपाशी उभी होती. अंगावर शाल, काखेत लंगडी कोंबडी. खडकांकडं तोंड करून ती हलक्या आवाजात बोलावत होती, 'यू, यू, यू.' कुत्र्याला बोलावतात तसं. जरा वाट बघितली, मग कोंबडी खाली ठेवली आणि पायानं रानाकडं ढकलली. लंगडी चार पावलं गेली, वळली आणि परत येऊन आक्काच्या पायाशी उभी राहिली. आक्कानं तिला पुन्हा ढकललं. ती पुन्हा आली. माझा लाल दिवा बाजूला इमानेइतबारे लुकलुकत होता.

'आक्का, काय करायलीस?'

ती दचकली नाही. वळूनही बघितलं नाही. म्हणाली, 'येईना झालाय बघ तो. कुठं घालवलास गं त्याला?'

मी तिला धरून पायरीवर बसवलं. कोंबडी आमच्यामधे येऊन बसली. म्हटलं, 'पहिली कोल्ह्यानं नेली, कबूल. बाकीच्या?' 'दिल्या,' ती म्हणाली. 'त्या बाईची लेक बाळंतीण आहे. अंडी लागतात.' ही एकच राहिली होती. लंगडी कोंबडी कुणी घेईना.

'तुला राहायचं नाही का इथं?'

ती लंगडीच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग बोलायला लागली, आणि सगळं एका दमात बोलली. 'संध्याकाळी दार लावते. मग सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं? टीव्हीशी? त्या कोल्ह्याचं ओरडणं ऐकू यायचं तर बरं वाटायचं. कुणीतरी आहे बाई, म्हणायचं आणि झोपायचं. तू त्यालाही घालवलंस. नातीचा दात पडला, ती फोनवर तोंड वासून दाखवते, मला त्या फोनमध्ये काही दिसत नाही, मी हो हो म्हणते. मला भीती वाटते गं इथं. माझ्याच घरात मला भीती वाटते.'

'मग पोराला सांगायचं.'

'कोणत्या तोंडानं? वंदनेला सगळ्यांदेखत काय बोलले मी? हसतील सगळे. आणि तो तरी आता विचारतो का? पहिलं दर वेळी विचारायचा. आता कोंबड्या कशा आहेत एवढं विचारतो. त्याला नसेल जमत आता. मी कशाला जाऊन पडू त्याच्या दारात?' तिनं शालीच्या टोकानं नाक पुसलं. 'म्हटलं, कोल्ह्यानं कोंबड्या संपवल्या तर कुणाला काही सांगावं लागणार नाही. बाईचा नाइलाज झाला म्हणतील. तर तू भेटलीस मला, हुशार.'

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढी जाळी पुरली, नखं तुटली, अफझलगंजात भांडले, आणि ही बया कोल्ह्याला हाका मारत होती. सांगायला काय झालं होतं मला? मी काय परकी होते? आणि त्याच रागात मला रडू फुटलं. किती वर्षांनी ते आठवत नाही, पण मी आक्काच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि लंगडीनं माझे केस टोचले.

भाचा ऑफिसला निघायच्या आत मी फोन लावला. स्पीकरवर. गिऱ्हाइकाशी बोलतानाचा आवाज काढला. 'हे बघ, तुझ्या आईकडचा कोल्हा माझ्या हाताबाहेर गेलाय.'

'मावशी, तूच म्हणालीस ना, गेला म्हणून?'

'परत आला.'

आक्कानं माझ्या कोपराला ढोसलं. 'जोडी आहे म्हणावं,' ती पुटपुटली.

'जोडी आहे,' मी म्हटलं.

'पिल्लं पण.'

मी तिला डोळे वटारले. 'पिल्लं पण आहेत. सगळं करून बघितलं, मला काही जमलं नाही. कोंबड्या संपल्या. तुझ्या आईनं तिथं एकटं राहावं असं मी काही सांगू शकत नाही.' धंद्यातला माझा शब्द मी आजवर कधी खोटा दिला नव्हता.

तिकडं किल्ल्या खाली ठेवल्याचा आवाज आला. आक्कानं माझा हात घट्ट धरला होता. मग भाचा म्हणाला, 'मावशी, मग आता येईल का गं आई? मी विचारायचं सोडलं, कारण ती नाही म्हणाली की मला जेवणच जात नाही. तिची खोली आम्ही तशीच ठेवलीय. पोरगी तिथं कुणाला खेळू देत नाही, आजीची आहे म्हणते.'

आक्कानं फोन माझ्या हातातून घेतला. घसा साफ केला. ऑफिसात साहेबाशी बोलायची तशा आवाजात म्हणाली, 'येते. पण कोल्ह्यापायी येतेय, ध्यानात ठेव.'

आता ती पुण्यात आहे. लिफ्टमधल्या शेजारणीला तिनं अंबाडीची भाजी शिकवली, आणि ती बाई म्हणे आता 'हो'च्या जागी आमचं 'हौ' म्हणायला लागली आहे. लंगडी आमच्या नारायणगुड्याच्या गच्चीवर आहे. अंडं देत नाही, नुसती खाते. प्रेसिडेंटच्या बायकोनं अजून मला माफ केलेलं नाही, तिचा शकुनाचा कोल्हा मी पळवला. बाकी सगळ्यांच्या लेखी कोल्हा तिथंच आहे आणि मी हरले आहे.

परवा सिकंदराबादेत एका पुतणीचं लग्न होतं, आक्का पुण्याहून आली. चांगली भरली आहे अंगानं. पंगतीत कुणीतरी विचारलं, काय आक्का, पाऊल हलायचं नव्हतं ना तुमचं? सगळी पंगत ऐकायला लागली. आक्कानं कोल्ह्याची गोष्ट सांगितली. दर लग्नागणिक तो कोल्हा वाढत चालला आहे, ह्या खेपेला तो कमरेएवढा झाला होता. 'आमची धाकटी धंद्यात एवढी नावाजलेली,' ती म्हणाली, 'पण तिनंही हात टेकले. मग मी काय करणार, सांगा.' माझ्या पलीकडं एक बाई बसली होती, तिच्या अपार्टमेंटचं वर्षाचं काम मला मिळायचं होतं. तिनं माझ्याकडं जरा शंकेनं बघितलं. आक्काही माझ्याकडं बघत होती, घास हातात तसाच धरून.

'हौ,' मी म्हटलं, 'नाही जमलं मला.'

पंगत हसली आणि पुढच्या विषयाला लागली. आक्कानं तिच्या वाटीतली खीर माझ्या वाटीत ओतली.